साखळीच्या पेटीवरचा गणपती

बॉयलर फुटण्याआधी आवाज कसा येतो हो, असं मला लोक लग्नाच्या जेवणात विचारतात. खरं उत्तर असं आहे की बहुतेक वेळा कसलाच येत नाही. सगळं छान चाललेलं असतं. म्हणूनच सगळं छान चाललेलं असलं की मला घाम फुटतो. घरचे याला माझा स्वभाव म्हणतात. स्वभाव कसला, धंदा आहे तो. सव्वीस वर्षं मी पगार घेऊन काळजी केली आणि त्यानंतरची आठ वर्षं फुकट.

अंकाच्या संपादिकेचा फोन आला, "काकू, यंग मुलींना इन्स्पायरिंग होईल असं काहीतरी लिहा ना, तुमच्या फील्डबद्दल." तिची माफी मागून सांगते, हे इन्स्पायरिंग नाही. ही एका चुकीची हकिकत आहे. चूक माझी, आणि त्या वेळी बोटीवर अठ्ठेचाळीस माणसं होती. शिवाय एक गणपती.

आधी माझं काम सांगते. बॉयलर म्हणजे मोठी किटली. आत आग, आगीच्या भोवती पाणी, पाण्याची वाफ, वाफेवर यंत्र. बाकीचं सगळं इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं शिकवतात, पण नियम एकच आहे. भट्टीच्या छतावर पाणी हवं. पाणी असेल तोवर लोखंड शहाण्यासारखं वागतं. पाणी खाली गेलं की छत तापतं, मऊ होतं आणि वाफेच्या दाबाखाली खचतं. मग सांगायला कोणी उरत नाही. एका विमा कंपनीसाठी मी असे बॉयलर तपासायची. शाळांचे, लॉन्ड्रीचे, दवाखान्यांचे, लोणच्याच्या कारखान्याचे. ठीक असेल तर सही. नसेल तर लाल बिल्ला. लाल बिल्ला लागला की आग बंद.

तेव्हाची वसुधा पाहण्यासारखी होती. पुण्याची डिग्री, कोरं हेल्मेट, कपाळावर कुंकू आणि आपल्याला सगळं कळतं असा चेहरा. पहिल्याच तपासणीला शाळेच्या बॉयलरच्या भोकातून आत शिरताना ती कमरेत अडकली. हात आधी आत घालायचे असतात, हे तिला सांगितलेलं होतं, पण तिने ऐकलेलं नव्हतं. शेवटी शाळेच्या शिपायाने भांडी घासायचा साबण ओतून तिला ओढून काढलं. अर्धी आत आणि अर्धी बाहेर असतानाही ही बाई त्याला फॉर्म कुठे ठेवायचा ते सांगत होती.

पुढे ती तरबेज झाली, आणि तरबेज झाल्यावर आणखी वाईट झाली. एका लॉन्ड्रीवाल्याने सेफ्टी वाल्व्हच्या दांड्याला वीट टांगली होती. वाफ जास्त झाली की तो वाल्व्ह आपोआप उघडून शिट्टी मारतो. "गिऱ्हाईकं दचकतात," लॉन्ड्रीवाला म्हणाला. मी लाल बिल्ला काढला. तो हात जोडायच्या बेताला आला. "एकोणीस वर्षांत काही झालेलं नाही," म्हणाला. मी म्हटलं, "एकोणीस वर्षं तुम्ही नशिबावर कपडे धुतलेत." बिल्ला लावणं बरोबरच होतं. पण हे वाक्य मी घरी येऊन नवऱ्याला चारदा ऐकवलं, ते बरोबर नव्हतं. त्या काळी माझ्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक निष्काळजी आणि दुसरी मी.

रिटायर झाले तेव्हा अठ्ठावन्नची होते. अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडपासून तासाभरावर एक जुनं बंदर आहे. तिथल्या बोटींच्या म्युझियमने विचारलं, आमच्या मार्थाचं इंजिन बघाल का? मार्था म्हणजे टग. मोठ्या जहाजांना दोराने ओढून बंदरात आणणारी बोट. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात बांधलेली, तिकडे भंगारात निघालेली, आणि एका हौशी माणसाने सबंध समुद्र ओलांडून इकडे आणलेली. तिला मागे पंखा नाही. दोन अंगांना दोन प्रचंड चाकं, चाकांना लाकडी फळ्या, आणि त्या फळ्या पाणी कापत जातात. मी पाहायला म्हणून गेले, भट्टीचं दार उघडून आत डोकावले आणि आठ वर्षं तिथेच राहिले.

बोटीवर आम्ही तिघं. कप्तान वॉल्ट, आयुष्यभर याच पाण्यात जहाजं चालवलेला, दिवसाला मोजून चाळीस शब्द बोलणारा. कोळसा घालायला डेनीस, शाळेतली व्यायामाची शिक्षिका, माझ्या मांडीएवढे दंड. आणि मी. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी आम्ही प्रवासी घेऊन खाडीत फेरी मारायचो.

चाकांच्या बोटीचं एक दुखणं असतं. माणसं एका बाजूला गोळा झाली की ती कलते. एक चाक पाण्यात खोल रुतून बसतं, दुसरं वर येऊन हवेत फडफडतं, आणि बोट भलतीकडे वळायला लागते. त्या काळच्या लोकांनी त्यावर इलाज काढला होता साखळीच्या पेटीचा. डेकच्या मधोमध आडवे रूळ, त्यांवर चाकं लावलेली लोखंडी पेटी, आणि पेटीत नांगराच्या जुन्या साखळ्या ठासून भरलेल्या. बोट उजवीकडे कलली की पेटी डावीकडे ढकलायची. बस्स. बोटीवरची सगळ्यात अडाणी वस्तू आणि सगळ्यात हुशार. एरवी तिला लाकडी पाचरी लावून मध्ये थोपवून ठेवायचं.

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीसाठी ठरवलेला हॉल आठवडाभर आधी कॅन्सल झाला. अध्यक्ष मिलिंद, सॉफ्टवेअरमधला, नागपूरचा, सज्जन मुलगा. त्याचा मला फोन आला, "काकू, डिझास्टर झालंय. गॅरेजमध्ये बसवू का बाप्पाला?"

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "गॅरेजमध्ये कशाला? माझ्या बोटीवर बसवा."

माझ्या बोटीवर! जणू काही मला हुंड्यात मिळाली होती. खरं म्हणजे इतक्या वर्षांत मंडळातल्या कोणी माझं काम पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी मी बेसनाचे लाडू चांगले करणारी काकू. सहासष्टाव्या वर्षी मला शायनिंग मारायची होती, दुसरं काही नाही.

ठरलं असं, की दीड दिवसाचा गणपती. पहिल्या दिवशी सकाळी धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच स्थापना. दुसऱ्या दिवशी दुपारी अठ्ठेचाळीस जणांना घेऊन फेरी, भर पाण्यात उत्तरपूजा, आणि विसर्जन डेकवरच्या टबात. मूर्ती खाडीत सोडायची परवानगी नव्हती, म्हणून खाडीच टबात घ्यायची होती. आणि बाप्पाला बसवायचं कुठे? डेकच्या मधोमध एक छान सपाट, कमरेएवढी उंच, भक्कम वस्तू होतीच.

"काकू, हा तर रेडीमेड चौरंग आहे," मिलिंद म्हणाला.

मी वर लाल मखमल अंथरून दिली. वॉल्टने एवढंच विचारलं, "वेळ आली तर हलेल ना?"

"का नाही हलणार?" मी म्हटलं.

का हलणार नाही, ते या बाईला लहानपणापासून ठाऊक होतं. एकदा प्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवत नाहीत. उत्तरपूजा झाली की हात लावून किंचित सरकवतात, आणि ती सरकली म्हणजे देव निघाला. हे सगळं माझ्या डोक्याच्या एका खणात होतं. साखळीची पेटी दुसऱ्या खणात. दोन्ही खण एकदम उघडायचं माझ्या मनात आलं नाही.

आता दुसरी चूक. बॉयलरच्या तोंडाशी उभ्या काचेच्या दोन नळ्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आत पाणी किती आहे ते त्यांत दिसतं. फेरीच्या सकाळी डावी नळी बुडाशी ठिबकत होती. तिच्या सांध्यात ठासलेली दोरी बदलायची, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात वरून हाक आली, "वसुधाकाकू, मोदक! तुमच्यासारख्या कळ्या कोणालाच जमत नाहीयेत!" मी डाव्या नळीची तोटी बंद केली, हात धुतले आणि वर जाऊन एकवीस मोदकांना कळ्या पाडल्या. एक काच आहे की, असं मनाशी म्हटलं. एका काचेवर बॉयलर चालवणाऱ्या किती जणांना मी लाल बिल्ले लावले होते, त्यांची नावं आजही पाठ आहेत.

निघालो. ऊन पडलेलं, पाणी सपाट, वर ढोल-ताशा. मंडळाचं पथक आहे, सोळा जणांचं, दिवसभर कोडिंग करतात आणि सगळा राग चामड्यावर काढतात. मी खाली भट्टीपाशी, डेनीस कोळसा घालतेय, सगळं छान चाललेलं. मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता.

अर्ध्या तासाने वर एकदम गलका झाला. "ऑर्का! ऑर्का!" उजव्या अंगाला देवमाशांचा कळप आला होता. जवळजवळ सगळी माणसं उजव्या कठड्याला, हातात फोन, आणि पथकही वाजवत वाजवत तिकडेच. बोट कलली. मी उजव्या काचेकडे पाहिलं. पाणी अर्ध्यावर. उत्तम. बसतील थोड्या वेळाने जागेवर, असं म्हणून मी यंत्राला तेल घालायला गेले.

पण ऑर्का जाईनात. बोटीच्या बरोबरीने पोहत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डावं चाक हवेत फट्फट् आपटत होतं. बोलनळीतून, म्हणजे कप्तानाच्या खोलीतून खाली येणाऱ्या पितळी नळीतून, वॉल्टचा आवाज आला, "वॅस," मला तो असंच म्हणतो, "बोट वळत नाहीये. पेटी डावीकडे घे."

मी पुन्हा काचेकडे पाहिलं. पाणी अर्ध्यावर. आणि तेव्हा मला ताकाची वाटी आठवली.

वाटीत थोडं ताक घ्या आणि वाटी तिरकी करा. एका काठाला ताक वर चढतं, दुसऱ्या बाजूचं बूड कोरडं पडतं. बोट उजवीकडे कललेली होती आणि मी उजवी काच बघत होते. ती अर्धी भरलेली दिसत असेल, तर डावीकडे काय उरलं होतं? मी डाव्या काचेची तोटी उघडली. काच रिकामी. वाफेच्या एका फुसकाऱ्याखेरीज काही नाही.

पंपाकडे धावले. पंप चालू होता, पण नुसता खडखडत होता. त्याची नळी पाण्याच्या टाकीच्या डाव्या तळाशी, आणि टाकीतलं पाणीही उजवीकडे सरकलेलं. दहा मिनिटं पंपाने बॉयलरला पाण्याऐवजी हवा पाजली होती.

"डेनीस, हवेची दारं लाव. कोळसा थांबव."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रश्न न विचारता दारं लावली. मग लांब आकडा हातात घेऊन भट्टीपुढे उभी राहिली. "ओढू का आग बाहेर?"

इथे वाचकांना अडचण सांगायला हवी. पाणी कमी झालं तर पंप चालू करून भरून टाकावं, असं कुणालाही वाटेल. पण छत उघडं पडून तापलेलं असेल आणि त्यावर पाणी गेलं, तर क्षणात नको तेवढी वाफ होते आणि सगळं संपतं. म्हणजे पाणी नेमकं किती आहे ते कळेपर्यंत पंपाचं पाणी आत सोडायचं नाही. आग ओढून बाहेर काढली तर बॉयलर वाचतो, पण चाकं थांबतात.

बोलनळीत मी वॉल्टला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चाकं थांबली तर प्रवाह आपल्याला दगडी बांधावर नेईल. दहा मिनिटं लागतील. इथे नांगर तळाला पोचत नाही. मी रेडिओवर मदत मागतोय, पण ती वीस मिनिटांवर आहे. तुझं तू ठरव."

तुझं तू ठरव! सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या आगी बंद केल्या. त्या आगी जमिनीवर होत्या. बंद केल्या की मी गाडीत बसून घरी जायची.

कळायचा मार्ग एकच होता. बॉयलरला काचेखेरीज तपासाच्या तोट्या असतात, एकाखाली एक. सगळ्यात खालची भट्टीच्या छताच्या जेमतेम वर. ती उघडायची आणि कान द्यायचा. दाबाखालचं पाणी बाहेर येताच त्याचीही वाफ होते, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. फरक कानाला कळतो. नुसती वाफ असेल तर आवाज बारीक आणि कोरडा. पाणी असेल तर जाडसर, फाटका, गरम तेलात मोहरी पडल्यासारखा तडतडता. पण तोटीही वर उचललेल्या डाव्याच बाजूला होती, म्हणजे बोट सरळ झाल्याशिवाय तिचं खरं धरता येत नव्हतं. आणि डोक्यावर सोळा ढोल-ताशे.

मी वर गेले. "अर्धे लोक डावीकडे या!" ओरडले. कोणी वळूनही पाहिलं नाही. एकजण फोनवरून डोळा न काढता म्हणाला, "काकू, एक सेकंद, पिल्लू आहे त्यांच्यात!"

मी पेटीपाशी गेले आणि पायाने पाचर उडवली. मिलिंद धावत आला. "काकू, काय करताय? बाप्पा आहेत वर!"

"पेटी डावीकडे न्यायचीय. आत्ता."

"अहो पण उत्तरपूजा व्हायचीय. पाच वाजता गुरुजी व्हिडिओ कॉलवर—"

पेटीशेजारी खुर्चीवर मिलिंदची आई बसली होती, मालतीताई. नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या, ऐंशीच्या घरातल्या, सोवळ्याओवळ्याला कडक. ऑर्का पाहायला न उठलेल्या त्या एकट्याच. त्यांनी मला थांबवलं. "वसुधाताई, उत्तरपूजा झाल्याशिवाय देव हलवत नसतात."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे तर मग काय करून राहिल्या तुम्ही?"

मी काजळीने कोपरापर्यंत काळी झाले होते. खाली वाकून फक्त त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "खाली आगीवर पाणी उरलंय की नाही मला कळत नाहीये. बोट सरळ झाली तर कळेल. ही पेटी हलली तर बोट सरळ होईल."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "किती वेळ आहे?"

"एक मिनिट."

"मिलिंद," त्या उठल्या, "अक्षता दे."

"आई, गुरुजी पाच वाजता—"

"गुरुजी बोटीवर आहेत काय? अक्षता दे म्हटलं न."

त्या बाईने मिनिटसुद्धा घेतलं नाही. तीन पळ्या पाणी, चिमूटभर हळद-कुंकू, फूल, अक्षता. ओठ भराभर हलत होते. मग मूर्तीला तळहात लावला आणि वीतभर पुढे सरकवली. डोळे पुसले नाहीत, नमस्कारही अर्धाच केला. "झालं. निघाले ते. आता ढोल थांबवा अन् हात लावा सारे."

ताशाच्या काठीपुढे पाच फुटांची म्हातारी उभी राहिल्यावर पथक गप्प झालं. ढोल बंद पडल्यामुळेच लोकांनी वळून पाहिलं. आपल्या माणसांना गलक्याने जाग येत नाही, गलका थांबला की येते. पेटी चढावर न्यायची होती. पंधरा-सोळा जणांनी खांदे लावले. कोणीतरी सवयीने "गणपती बाप्पा" म्हणून सुरुवात केली.

"मनातल्या मनात म्हणा!" मी ओरडले. "एक शब्द नको! मला खाली ऐकायचंय!"

आणि मग ती मिरवणूक निघाली. दहा फुटांची आणि मुकी. नुसता रुळांचा करकर आवाज, लोकांचे श्वास, आणि वर मखमलीवर डुलणारे बाप्पा. मी ती शेवटपर्यंत पाहिली नाही. शिडीवरून खाली उतरले.

डेनीस तशीच उभी होती, आकडा भट्टीच्या दारावर टेकवून. मी खालची तोटी उघडली.

स्स्स. बारीक. कोरडा.

"ओढू?" डेनीसने विचारलं.

मी हात वर केला. पायाखालचा तक्ता सरळ होतोय असं वाटत होतं, पण भीतीने माणसाला काहीही वाटतं. स्स्स. मी मनात आकडे मोजायला लागले. दहापर्यंत मोजायचं आणि मग ओढ म्हणायचं. सहा. सात. अठ्ठेचाळीस माणसांतली निम्मी मला काकू म्हणणारी. आठ.

तोटी खाकरली. फुटकी, ओली खाकर. मग पुन्हा वाफ. मग तडतड, तडतड, मोहरीसारखी, आणि थांबेना.

"पाणी," मी म्हटलं. "पाणी आहे." आणि मग डेनीसला कळणार नाही अशा भाषेत स्वतःला जे काय म्हटलं ते या अंकात छापता येणार नाही.

पंपाने पाणी पकडलं होतं. मी ते थेंबाथेंबाने आत घेतलं. बऱ्याच वेळाने दोन्ही काचांच्या बुडाशी एक रेघ दिसली आणि हळूहळू वर चढली. वॉल्टने बोटीचं तोंड फिरवून तिला धक्क्याकडे घेतलं. वर टबात विसर्जन झालं. उतरताना एकाने माझा हात हलवला, "काकू, सॉलिड एक्स्पीरियन्स! ऑर्का काय, सायलेंट मिरवणूक काय! नेक्स्ट इयर पण इथेच!"

बॉयलर निवायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी आत शिरले, या वेळी हात आधी आणि साबणाची बाटली खिशात. मार्थाच्या बॉयलरला दोन भट्ट्या, आणि प्रत्येकीच्या छतात शिशाचं एक बूच असतं. छत उघडं पडून तापलं तर आधी ते वितळतं आणि वाफ आगीवर पडून आग विझते. शेवटचा पहारेकरी. उजव्या भट्टीचं बूच जसंच्या तसं होतं. डाव्या भट्टीच्या बुचाला मधोमध खळगा पडला होता, अंगठा बसेल एवढा. वितळायला सुरुवात होऊन थांबलेलं.

वॉल्टने ते बूच काढून पाहिलं, अंगठा लावून पाहिला. "टिकलं ना?" तो म्हणाला. "नवीन बसवू. आठ वर्षांत तुझ्या हातून काही झालेलं नाही."

तो चांगला माणूस, मला वाचवायला बघत होता. पण मला तो लॉन्ड्रीवाला दिसला. हात जोडायच्या बेतात असलेला. आणि त्याच्यापुढे उभी राहून तोंडपाठ वाक्य फेकणारी ती हेल्मेटवाली बाईही दिसली. तिने मला काय सोडलं असतं?

मी रिपोर्ट लिहिला. एक काच बंद, कारण मोदक. साखळीची पेटी अडकलेली, कारण गणपती. जबाबदार कोण, या रकान्यात माझं नाव. मार्थाला लाल बिल्ला मी माझ्या हाताने बांधला. मंडळातल्या प्रत्येक घरी ईमेल पाठवून काय घडलं ते कळवलं. बहुतेकांनी "टेक केअर काकू" लिहिलं. दोन लहान मुलांना घेऊन आलेली एक आई माझ्याशी आजही बोलत नाही. तिचं बरोबर आहे. वॉल्ट वर्षभर बोलला नाही. तेही मला समजतं, त्याचं वय बोट परत चालू होण्याची वाट बघायचं नव्हतं.

सहा वर्षं मार्था धक्क्याला होती. दर गुरुवारी जाऊन मी तिची चाकं हाताने फिरवायची, सांधे धरू नयेत म्हणून. पेटीवर मी पाटी लावली, "यावर काहीही ठेवू नये. देवसुद्धा." मराठीत. इतर कोणाला या सूचनेची गरज आहे असं मला वाटत नाही. सांगायचं राहिलं, मालतीताई दर गणपतीला नागपूरहून फोन करतात. "सुरू झाली का हो बोट?" "नाही." "बरं आहे. करंज्या केल्या का?"

या उन्हाळ्यात एक तरुण तपासनीस आला. आत शिरला, हात आधी घालून. दोन दिवस ठोकठोक करून त्याने परवानगी दिली. वीसच प्रवासी, आणि दोन्ही काचा चालू असल्याशिवाय धक्का सोडायचा नाही. इंजिन आता डेनीसकडे. बहात्तराव्या वर्षी मला खाली उतरायला मनाई आहे. डेनीसने सांगितलं, "वर बस, पाहुणी म्हणून." वॉल्टही काठी टेकत आला होता. त्याला चांगली खुर्ची मिळाली. मला मिळाली नाही, म्हणून मी डेकच्या मधोमध पेटीवर जाऊन बसले. पाटी मीच लिहिलेली होती, तेव्हा ती मला लागू नव्हती.

अर्ध्या तासाने उजवीकडे सील दिसले आणि वीसच्या वीस माणसं कठड्याला. बोट कलली. माझे दोन्ही हात पेटीच्या कडेला घट्ट. खालच्या दोन्ही काचा मला डोळे मिटूनही दिसत होत्या.

खालून डेनीसचा आवाज खणखणला, "पेटी डावीकडे! ताबडतोब!"

दोन धिप्पाड खलाशी मुली पाचरी उडवून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि संकोचून माझ्याकडे पाहायला लागल्या. मी उठायला हवं होतं. खुर्चीतून वॉल्ट म्हणाला, "तिच्यासकट ढकला."

आणि त्यांनी ढकललं. रूळ करकरले, बोट सरळ झाली. मी बसल्या जागी दहा फूट गेले, आणि जाताना त्या मुलींना मराठीतच बजावलं, "अगं, उत्तरपूजा झालेली नाही माझी अजून!"